दक्षिणेच्या दारातला उजेड

पावसाळ्यात फोटो चांगले येत नाहीत, असे मानणाऱ्यांशी मी कधी वाद घालत नाही. आमच्या दिग्रसकडे वर्षाचे कितीतरी महिने ऊन असे असते की माणसाच्या नाकाची सावलीदेखील मिशीसारखी काळी पडते. आभाळ भरून आले की तोच उजेड वस्त्रगाळ केल्यासारखा उतरतो. देवळाचा दगड ओला झाल्यावर त्याचा मूळ रंग वर येतो, तुळशीची मंजिरी मोजता यावी इतकी स्पष्ट दिसते. शाळेतल्या संस्कृत अध्यापनातून निवृत्त झाल्यावर मी एक लहान कॅमेरा घेतला, आणि परमेश्वराने जे इतक्या निगुतीने घडवले आहे ते निदान नीट पाहावे, या भावनेने फोटो काढू लागलो. पावसाचे माझे काही नियम आपोआप ठरत गेले. भिंग पुसायला जुन्या धोतराचा मऊ तुकडा जवळ ठेवावा. फ्लॅश लावू नये, कारण मधले थेंब पांढऱ्या लाह्यांसारखे उमटतात. कॅमेरा गारठ्यातून एकदम चुलीच्या उबेत नेऊ नये, त्याच्या डोळ्यावर वाफ धरते. आणि घाई करू नये.

हा शेवटचा नियम मला सर्वांत प्रिय होता. गेल्या श्रावणात त्यानेच मला अडवले.

माझी थोरली बहीण, अक्का, दिग्रसहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एका खेड्यात राहते. त्या खेड्याच्या पुढे एक नाला आणि मागे एक. अक्काने उभ्या आयुष्यात तंबाखूची चिमूट सोडली नाही; तिच्या डाव्या जबड्यात गाठ झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले की त्या बाजूचे हाड काढावे लागेल. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. त्यानंतर अक्काचा मला फोन आला.

“पंडित,” ती म्हणाली. मी पाठशाळेत गेल्यापासून ती मला याच नावाने चिडवत आली आहे. “डॉक्टर म्हनते, हाड काढा लागते. मंग थोबाड वाकडं होईन. त्याच्या आंधी माहा एक चांगला फोटो काढून दे.”

“तुझे फोटो आहेत की घरात.”

“कोनते? आधार कारडावर मी कोंबडी चोरल्यावानी दिसतो. अन् लग्नाच्या फोटोत निस्ता पदर हाय. त्या पदरात मी कुठी हाय, ते माह्या मालकालेबी सापडलं नाई.”

मी हसलो, पण तीही हसली की नाही ते फोनवर कळले नाही. मग ती म्हणाली, “नातवंडाईनं म्हाताऱ्या आजीले पाह्यलं, तं निस्ती वाकडीच पाह्यली, असं नोको.”

मी कॅमेरा, धोतराचा तुकडा आणि पूजेची पेटी पिशवीत घालून एसटीने निघालो. बेत सोपा होता. सकाळी फोटो काढायचा, मग अक्का आणि तिच्या सुनेला घेऊन दिग्रसला यायचे आणि तिथून नागपूरची गाडी धरायची. मेव्हणे आणि भाचा नागपुरात रुग्णालयाजवळ खोली पाहण्यासाठी आधीच गेले होते; नातवंडे त्यांच्या आजोळी होती. मी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अक्काचा चेहरा कंदिलाशिवाय धड दिसत नव्हता. गाल थोडा भरल्यासारखा वाटला, इतकेच. रात्री टिनाच्या पत्र्यांवर पाऊस सुरू झाला, आणि पहाटे संध्येसाठी उठलो तेव्हा पुढच्या नाल्याचा आवाज घरात ऐकू येत होता. सून बाहेर जाऊन आली. “मामाजी,” ती म्हणाली, “पूल दिसतच नाई. मागचाबी नाला भरला. आपुन मंधात सापडलो.”

म्हणजे गावाचे बेट झाले होते.

अक्काचे घर दक्षिणाभिमुख आहे. ते बांधताना मी माझ्या मेव्हण्यांना दार दुसरीकडे घेण्याविषयी विनवले होते. ते म्हणाले होते, “पंडित, रस्ता इकडं, बैलबंडी इकडूनच येन. शास्त्राले सांगा, रस्ता हलवजो.” दारापुढे टिनाची छपरी, आत एक मोठी खोली, मागे चूल. खोलीला पूर्वेस एक खिडकी आहे. पण मागच्या हंगामातला कापूस चांगल्या भावाच्या आशेने अजून तिथेच रचून ठेवला होता, छताला टेकेपर्यंत. खिडकी त्यामागे बुजून गेलेली. कापसाच्या बारीक तंतूंनी अंग खाजे. वीज मी येण्याआधीच गेली होती. ओल भिंतीतून वर चढत होती. त्या खोलीत उजेडाला येण्यासाठी एकच वाट उरली होती, आणि ती मला वर्ज्य होती.

कारण मी अक्काला पूर्वेकडे तोंड करून बसवणार होतो. यात मला काही विचार करावा लागला नाही. बारशाला बाळाची आई, मुंजीत बटू, लग्नात वर, यांना ज्या दिशेला बसवतात तीच दिशा मंगल. आणि हा फोटो अक्काच्या आयुष्याची कामना करून काढायचा होता. मी पाट मांडला, तिला कुंकू लावले, आणि कापसाच्या ढिगाऱ्याला पाठ लावून तिच्यासमोर उभा राहिलो. दार तिच्या उजव्या हाताला आले.

फोटोत उजवा गाल उजळला. डावी बाजू काळ्या विहिरीसारखी नाहीशी झाली.

अक्काने कॅमेऱ्याच्या काचेवर तो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “डावी बाजू डॉक्टर काढनारच हाय. तू त्याच्या आंधीच काढली.”

मी तिला पश्चिमेकडे फिरवले; तीही दिशा चालते. आता डावी बाजू दिसली, उजवी गेली. उत्तरेकडे तोंड केले तेव्हा दार तिच्या पाठीशी आले आणि अक्काऐवजी पदराची काळी आकृती उमटली. समया दोन्ही बाजूंना लावल्या, तर डोळ्यांखाली खळगे पडले. शेवटी नियम मोडून फ्लॅश लावला. सून चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसली.

“काहून हासतं व?” अक्काने विचारले आणि काच आपल्याकडे वळवली. “हे तं भूत हाय. पोट्टे भेतीन याले.”

मी कॅमेरा बंद केला. “अक्का, घाई नको. दुपारपर्यंत उघडेल. अंगणात पूर्वेकडे तोंड करून बसवीन. मग पाहा.”

दुपारी उघडले नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही.

अडकून पडण्याचा मला सराव नाही असे नाही. चातुर्मासात मी घराबाहेर कमीच पडतो. एका आसनावर तासन्‌तास बसणे हा माझ्या शिक्षणाचाच भाग होता. पण आसन आपण मांडलेले असते. इथे पाऊस आम्हांला बसवत होता. पत्र्यांचा आवाज इतका की जप करताना स्वतःचा मंत्र स्वतःला ऐकू येईना. छपरीत जाऊन उभे राहावे तर तुषार अंगावर येत. आत यावे तर कापसाचे तंतू. अंगणातली चूल बुडाली होती, गोठ्यातली गाय पायांवर पाय बदलत उभी असे. सून दर थोड्या वेळाने छपरीच्या टोकाशी जाऊन नाल्याकडे पाही आणि परत येई. नागपूरचा दिवस जवळ येत होता. भाच्याचा फोन कधी लागे, कधी अर्ध्यातच तुटे, “डॉक्टर म्हनते...” इतके ऐकू येऊन पुढचे पावसात जाई. मग सुनेच्या मोबाइलचे चार्जिंग संपले.

आणि अक्काचा गाल सुजू लागला.

पहिल्या दिवशी ती सूज मला आपला भास वाटली. पुढे ती डोळ्याखालपर्यंत चढली. तोंड पुरते उघडेना. सून तिला पेज पाजत असे आणि तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून ती ओघळे. ती पुसताना अक्का आधी माझ्याकडे पाही. जो चेहरा मी जपून ठेवण्यासाठी आलो होतो, तो माझ्या समोर, माझ्या वाट पाहण्याच्या काळात, बदलत चालला होता. आणि मी रोज सकाळी संध्या आटोपून आभाळाकडे पाही आणि म्हणे, उद्या उघडेल.

“तुहा उद्या कवा येते रे?” एकदा तिने विचारले. शब्द आता जड येत होते. “तुह्या पंचांगात हाय का नाई?”

कॅमेऱ्याच्या भिंगात आतून वाफ धरली. बाहेरची वाफ पुसता येते, आतली नाही. सुनेने तो फडक्यात गुंडाळून कोरड्या तांदळाच्या डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावले. मला ते बरे वाटले, हे सांगताना आज संकोच होतो. कॅमेरा डब्यात असेतो फोटो न काढण्याचे कारण तरी माझ्याकडे होते.

तांदळात तो नीट कोरडा झाला. त्याच दिवशी, जेवणानंतर, अक्का गहू निवडायला बसली. तिला कामाशिवाय बसवत नाही. ती सूप मांडीवर घेऊन उंबऱ्याच्या आत बसली, जिथे त्या घरातल्या बायका नेहमीच धान्य निवडायला बसतात, दाराकडे तोंड करून. मी छपरीत धोतराचा ओला सोगा पिळत उभा होतो. सहज मागे वळलो.

छपरीच्या पत्र्याने वरचा झगझगाट थोपवला होता, आणि पावसाच्या पडद्यामागून आलेले सगळे आभाळ त्या दारातून तिच्या तोंडावर शांतपणे पसरले होते. कपाळावरच्या रेषा, नाकातली जुनी मोरणी, खाली झुकलेल्या पापण्या, आणि दोन्ही गाल. सूजही दिसत होती. पण ती गालाचाच भाग वाटत होती, काळी विहीर नव्हे. मी इतकी वर्षे लोकांना सांगत आलो होतो की पावसाळी दिवसाचा उजेड चेहऱ्याला फार मानवतो. तो उजेड रोज या दारात येऊन बसला होता. मी त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला कापसाशी उभा राहिलो होतो.

आणि तरीही मी कॅमेरा आणायला गेलो नाही. दक्षिणेकडे तोंड करून कोणाला बसवतात आणि ती दिशा कोणाची, हे मला माहीत होते. जिच्या आयुष्यासाठी मी रोज मृत्युंजय मंत्राचा जप करत होतो, तिला मी माझ्या हाताने त्या दिशेला बसवून म्हणणार होतो का, की अशीच राहा, हलू नकोस?

शेवटी मी तिच्याजवळ बसलो आणि विचारले. पुस्तकी बोलतो, असा तिचा माझ्यावरचा जुना आरोप. त्या वेळी तर मी फारच पुस्तकी बोललो असणार. “अक्का, इथेच फोटो चांगला येईल. पण तुझे तोंड दक्षिणेकडे होते आहे.”

सुनेने चुलीपासून हात काढला. “नाई मामाजी,” ती म्हणाली. आजवर ती मला कधी नाही म्हणाली नव्हती. “आईले तिकडं तोंड करून नोका बसवू. लोकं काय म्हनतीन?”

“लोकं येतीन कुठून?” अक्का सुपातला खडा टिपत म्हणाली. “पूल पान्याखाली हाय.”

“आई, थट्टा नोका करू.”

मी दोघींच्या मध्ये पडावे म्हणून म्हणालो, की शंकराचे एक रूप दक्षिणेकडे तोंड करून बसते. वडाखाली, शिष्यांना ज्ञान देत. ती मूर्ती मंगलच मानतात. सुनेला ते पटलेले दिसले नाही. माझ्या मनालाही त्याने पूर्ण धीर आला नव्हता. देवांना जे शोभते ते माणसांना लावू नये, असेही मी शिकलो होतो.

अक्काने सूप खाली ठेवले. “मले ते वडाखालचं मालूम नाई. आपला मारुती कुकडे तोंड करून हाय?”

गावच्या वेशीतला मारुती दक्षिणमुखी आहे. सगळ्यांना ठाऊक आहे.

“मंग?” ती म्हणाली. “त्याले कोनी म्हनलं का, बापा, तू मरून राह्यला म्हनून? दर शनवारी तेल घेऊन जातं तू, पोरी. फिरवलं का त्याले?” मग तिला ठसका लागला. तिने गालाला हात लावला. पुन्हा बोलली तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हती, दाराबाहेर पाहत होती. “पंडित, मी मरन का नाई ते त्याच्या हातात हाय. मी ते नाई मांगून राह्यली तुले. मले निस्तं थोबाड पाहिजे. उद्या हेबी राहनार नाई.”

सुनेने उठून तिचे केस विंचरले. मला वाटले होते ती रागावून मागे निघून जाईल. पण तिने कपड्यांच्या पेटीतून ठेवणीतले हिरवे लुगडे काढले, अक्काला मागे नेऊन नेसवले, खांद्यावरून पदर नीट बसवला आणि ओठांचा कोपरा आपल्या पदराने टिपला. ते करताना ती रडत होती आणि अक्का तिला म्हणत होती, “नाक पुस आंधी, माह्या लुगड्यावर पडन.”

मी छपरीच्या अगदी कडेला उभा राहिलो, पावसाला पाठ लावून. पत्र्यावरून ओघळणारे पाणी माझ्या मानेवरून यज्ञोपवीताला चिकटत खाली जात होते. कॅमेरा छातीशी धरून, उपरण्याखाली, त्यावर थेंब पडू दिला नाही. डोळे मिटून ज्याची दिशा होती त्याला मनोमन नमस्कार केला. कोणत्याही दिशेला तोंड करावे, तिथे कोणीतरी देव असतोच. मग याच्याच दिशेला का भ्यावे?

“हासू का?” अक्काने विचारले.

“तुला हवे तसे.”

“हासलं का दुखते.” आणि असे म्हणून ती हसली. तोंड फारसे उघडले नाही. हसली ती डोळ्यांनी. मी बटण दाबले. मग आणखी काही काढले, पण चांगला तोच आला.

तिने काचेवर तो पाहिला. मी कौतुकाची वाट पाहत असेन, ती म्हणाली, “हाव. हे मी हाय,” आणि सूप पुन्हा मांडीवर घेतले.

पाणी उतरायला त्यानंतरही वेळ लागला. पुलाचे कठडे दिसू लागले त्या सकाळी शेजारच्या बंजारा तांड्यावरचा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. तो अक्काला त्यांच्या गोरबोलीत याडी म्हणतो, म्हणजे आई. ट्रॉलीत त्याने कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, वर ताडपत्री धरली. “याडी, दोन हातानं धरून बसजो. अन् मास्तर, तुमी मंत्र म्हना, मी गेअर टाकतो.” पुलावर पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत होते. मी मंत्र म्हटले. अक्का डोळे उघडे ठेवून पाण्याकडे पाहत होती.

दिग्रसला गाडीला अवकाश होता म्हणून मी स्टुडिओत फोटोची प्रत काढून घेतली. स्टुडिओवाल्याने तो यंत्रावर पाहिला आणि आवाज मऊ करून विचारले, “काकाजी, मोठा करून फ्रेम कराचा का? हाराले जागा ठेवतो.” आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एकटा, चांगला फोटो बहुधा एकाच कारणाने लागतो, त्याचे काही चुकले नव्हते. बाकावर बसलेली अक्का पदराआडून म्हणाली, “हार नोको. पर्समंदी मावला पाहिजे, बस.” त्याने वर पाहिले, फोटोकडे पाहिले, आणि घाईघाईने लहान प्रत काढून दिली. पैसे देताना त्याने माझी नजर चुकवली.

शस्त्रक्रियेचा ठरलेला दिवस टळून गेला होता. आधी सूज उतरवण्याची औषधे झाली, मग दुसरा दिवस मिळाला. हाड काढले. नाकातून नळी होती, बोलणे बंद. पट्ट्या निघाल्यावर सुनेने तिला आरसा द्यावा की नाही, याविषयी माझा सल्ला घेतला. तोवर अक्काने शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून आरसा खुणेने मागून घेतलाही होता. डावा गाल आत ओढला गेला होता, हनुवटी त्या बाजूला सरकली होती. तिने आरशात पाहिले. मग उशीखालून फोटो काढून तो पाहिला. पुन्हा आरसा. मला तिथे उभे राहवेना, पण मी उभा राहिलो.

त्यानंतर तिने एक रीत लावून घेतली. भेटायला कोणी आले की तोंडावरून पदर तसाच ठेवून आधी तो फोटो त्यांच्या हातात देई. माणसे तो पाहत, बोलत, हसत. मग ती पदर खाली करी. नवी परिचारिका असो की गावाकडचे पाहुणे, क्रम बदलत नसे. एकदा एका परिचारिकेने विचारले, “आजी, ह्या तुम्हीच ना?” अक्काने मान हलवली आणि दोन बोटांनी फोटोच्या डाव्या गालावर टिचकी मारली, हा इकडचा गेला, अशा अर्थाने. ती मुलगी गोंधळली आणि मग खळखळून हसली. घरी परतल्यावरही कित्येक दिवस हे चालले. नातवंडे आजोळाहून आली तेव्हा तर तिने दारातच फोटो पुढे केला होता.

परवा मी तिच्याकडे गेलो. आता ती बोलते. जीभ अडखळते, काही अक्षरे तोंडातच राहतात, पण तिच्या बोलण्याची सवय झालेल्याला सारे कळते. शेजारची एक बाई आली होती, बऱ्याच दिवसांनी गावात परतलेली. अक्काने पदर घेतला नाही आणि फोटोही दिला नाही. दोघी तुरीच्या शेंगांविषयी बोलत राहिल्या. बाई गेल्यावर मी विचारले, फोटो हरवला का. मूळ माझ्या कॅमेऱ्यात आहे, हवी तर आणखी एक प्रत काढून आणतो, थोडी मोठी.

“ठेव तुह्याचपाशी,” ती म्हणाली. “मले आता पाठ हाय.” आणि सुनेने समोर ठेवलेली पेज तिने जवळ ओढून घेतली.